फाटक आणि पालक : जुन्नर–आंबेगावच्या सरकारी शाळांची दोनशे वर्षे

१/
बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. या एकाच कायद्यात दोन तरतुदी आहेत. अनुसूची सांगते, शाळेच्या इमारतीला संरक्षक भिंत किंवा कुंपण हवे. कलम २१ सांगते, शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. पहिली तरतूद शाळेभोवती कडे घालते. दुसरी त्या कड्याच्या आत पालकाला यजमानाचे आसन देते. पुढील काळात आलेल्या सुरक्षा-नियमांनी भिंत उंच केली. आसनाचे काय झाले, हा या धाग्याचा विषय आहे.

२/
पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत हा प्रश्न विशेष स्पष्ट दिसतो. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या, पूर्वेस कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस. एकीकडे दरडीचे भय, दुसरीकडे बिबट्याचे. येथील शाळेला धोका बहुधा फाटकाबाहेरून येतो; आणि त्या धोक्याशी रोज गाठ पडणारी माणसे म्हणजे पालकच.

३/
आरंभी फाटकच नव्हते. पेशवाई संपली तेव्हा गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. त्या देवळाच्या ओवरीत, कुणाच्या पडवीत वा धर्मशाळेत भरत. पंतोजीला पोसणारे पालकच. धान्य, नाणी, सणाची भेट हे त्याचे वेतन. त्यामुळे शिकवणे पसंत नसेल तर पालक थेट बोलू शकत असे. मात्र या मोकळेपणाला मोठी मर्यादा होती. जातीने ज्यांना देवळाची पायरी निषिद्ध होती, त्यांना त्या ओवरीतील शाळाही निषिद्ध होती. भिंत नसलेल्या शाळेलाही उंबरठा होता.

४/
१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले. १८६० च्या दशकात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक कर बसला व त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे वळवण्यात आला. शेतकरी आता शाळेचा खर्च उचलत होता. पण शिक्षकाची नेमणूक खाते करी, तपासणी खात्याचा अधिकारी करी, अहवाल वर जाई. पंतोजीशी असलेले पालकाचे थेट नाते तुटले. पैसा गावाचा, शब्द सरकारचा, अशी नवी व्यवस्था उभी राहिली.

५/
या तुटलेल्या नात्यावर महात्मा जोतीराव फुले यांनी बोट ठेवले. हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात, रयतेच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. दुसरा मुद्दा आजच्या विषयाला अधिक जवळचा आहे. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून तयार व्हावेत, कारण ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, असे त्यांनी सुचवले. पालकापासून अंतर राखणारा शिक्षक हा त्यांच्या लेखी शिक्षणातलाच दोष होता. त्याच दशकात ओतूर–जुन्नर परिसरात सत्यशोधक विचार रुजला, हे येथे ध्यानात घ्यावे.

६/
विसाव्या शतकात शाळा स्थानिक संस्थांकडे आल्या. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक मंडळांना अधिकार दिले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या झाल्या. गावाने श्रमदान करायचे, लोकवर्गणी काढायची, खोली बांधायची, ही रीत या काळात दृढ झाली. शाळेच्या अंगणात ग्रामसभा भरे, लग्नाची पंगत बसे, निवडणुकीची पेटी येई. शाळा गावाची होती; मात्र कारभारातील पालकाचा वाटा रीतीने चालत आलेला होता, हक्काने मिळालेला नव्हता.

७/
हक्काची भाषा सावकाश आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आणि पुढे सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ग्रामशिक्षण समित्या, पालक-शिक्षक संघ, माता-पालक संघ ही नावे गावोगावी पोचली. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्क कायदा अमलात आला आणि प्रथमच पालक सरकारी शाळेचा बहुमताचा व्यवस्थापक झाला. समितीत निम्म्या स्त्रिया, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान, शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचा अधिकार. ओवरीतील शाळेने ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले होते, त्यांच्या वंशजांना कायद्याने आत बसवले.

८/
याच सुमारास दुसरा प्रवाह वेग घेत होता. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या कार्यपद्धतीत काँक्रीटची भिंत आणि पहारा असलेली फाटके आली. जगभर हेच घडत होते. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे शाळेत झालेल्या गोळीबारानंतर ब्रिटनमधील शाळांची दारे बंद राहू लागली व येणाऱ्याची नोंद होऊ लागली.

९/
या नियमांमागील भीती खरी आहे. तिला कमी लेखता येत नाही. पण तिचे रूप पाहिले पाहिजे. धोका बाहेरून येतो, तो अनोळखी असतो, म्हणून प्रवेश रोखावा, असे हे तर्कशास्त्र आहे. त्यात माणसांचे दोनच वर्ग उरतात : आतले आणि बाहेरचे. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी हे आतले. पालक? नोंदवहीच्या रकान्यात तो अभ्यागत ठरतो. ज्या समितीचा तो बहुमताचा सदस्य, तिच्याच शाळेत त्याला येण्याचे कारण लिहावे लागते.

१०/
पण गेल्या दशकातील सर्वांत गाजलेल्या घटना या तर्कात बसत नाहीत. २०१७ मध्ये गुरुग्राममधील एका खासगी शाळेत सात वर्षांच्या मुलाची हत्या झाली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थ्यावर आरोप ठेवला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोपी शाळेतीलच सफाई कर्मचारी होता. दोन्ही ठिकाणी आरोप आतल्या माणसावर होता. बदलापुरात प्रकरण प्रथम घरच्यांच्या लक्षात आले, आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखली तेव्हा राज्य हलले.

११/
म्हणजे शाळेच्या सुरक्षेला दोन भीती आहेत. पहिली, कोणी परका आत शिरेल ही. दुसरी, आत घडलेले बाहेर कळणार नाही ही. पहिल्या भीतीवर भिंत हा उपाय आहे. दुसऱ्या भीतीवर भिंत हा उपाय नाहीच, उलट ती अडचण ठरू शकते; तेथे हवा असतो पाहणारा डोळा आणि विचारण्याचा अधिकार. सुरक्षेचे नियम पालकाला कधी दूर लोटतात, कधी जवळ बोलावतात, ते यावरून ठरते.

१२/
जवळ बोलावणारे नियमही आहेत, हे विसरू नये. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शालेय भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले गेली. मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून पाहण्याचा दंडक त्यानंतर अधिक काटेकोर झाला व त्यात पालकांनाही स्थान मिळाले. महाराष्ट्राने मार्च २०२२ मध्ये शाळांत सखी सावित्री समिती स्थापण्याचे ठरवले. तीत महिला पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांचा समावेश आहे. बदलापूरनंतरच्या २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, अनुचित घटना २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन आणि याच समितीची अंमलबजावणी, असे दोन्ही प्रकारचे उपाय एकत्र आले.

१३/
मग गावात फाटकाचेच पारडे जड का होते? उत्तर जबाबदारीच्या रचनेत आहे. गुरुग्रामच्या घटनेनंतर मृत मुलाच्या पित्याने व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या. त्यातून केंद्राची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आली व शाळाप्रमुखाचे उत्तरदायित्व निश्चित झाले. ते रास्तच होते. पण बहुतेक जिल्हा परिषद प्राथमिक शाळांत शिपाई नसतो, रखवालदार नसतो. वाडीवरील शाळा दोन शिक्षकांची. एक बैठकीला गेला की दुसरा चार वर्ग सांभाळतो. ज्याच्याकडे माणूस नाही पण ज्याच्यावर ठपका येणार आहे, त्याला परवडणारा उपाय एकच : कुलूप. समितीची बैठक घेण्यास वेळ लागतो. कडी लावण्यास लागत नाही.

१४/
आता पुन्हा जुन्नर–आंबेगावकडे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांनी शिवार ओले केले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याने घर केले. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले. ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड–जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे ग्रामस्थांनी पुणे–नाशिक महामार्ग अडवला. मुलांची ये-जा उजेडात व्हावी म्हणून बाधित भागातील शाळांच्या वेळा बदलण्यात आल्या.

१५/
बिबट्याच्या धोक्यात सर्वांत नाजूक जागा वर्ग नव्हे, उसाच्या कडेची पायवाट आहे. तेथे भिंत पोचत नाही. मुलांना घोळक्याने आणणे, कोणत्या रानात बिबट्या दिसला ते सकाळी शाळेला कळवणे, कोणत्या वस्तीवरची मुले आधी सोडायची ते ठरवणे, ही सारी कामे पालकांची. फाटकाशी नोंद करून परत फिरणारा अभ्यागत ती करू शकत नाही. शाळेत ज्याचा शब्द चालतो तो पालकच करू शकतो. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची स्थिती याहून बिकट. फडालगतच्या कोपीत राहणारी त्यांची मुले धोक्याच्या सर्वांत जवळ, आणि समितीत त्यांचा आवाज सर्वांत क्षीण.

१६/
पश्चिम भागाची कथा निराळी, पण निष्कर्ष तोच. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. शाळेची इमारत मात्र वाचली. इमारत शाबूत आणि घरे गाडलेली, हे चित्र सुरक्षेच्या प्रत्येक तपासणी-तक्त्याला प्रश्न विचारते. या भागातील अनेक मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. त्यांचा कारभार घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे. तेथे पालक आणि मूल यांच्यात फाटक आहे, डोंगर आहे आणि बुडणारी मजुरीही आहे. निवासी शाळेत पालकाचा प्रवेश हा सौजन्याचा विषय राहिला, तर तक्रार करण्याची संधी भेटीच्या दिवसापुरतीच उरते.

१७/
दोनशे वर्षांचा हा आलेख सरळ रेषेत जात नाही. ओवरीतील शाळा खुली होती, पण सर्वांना नव्हती. खात्याची शाळा अधिक जणांना खुली झाली, पण पालकाचा शब्द गेला. २०१० ने तो शब्द परत दिला, आणि त्याच कायद्याच्या अनुसूचीने भिंतही दिली. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत विरोध नाही. विरोध उपजतो तो पालकाला ‘बाहेरचा’ समजण्यातून.

१८/
म्हणून एखाद्या शाळेची सुरक्षा पाहायची असेल, तर फाटक किती उंच आहे याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिच्यात सुरक्षेवर कोण बोलले? सखी सावित्री समितीतील महिला पालकाला आपण सदस्य आहोत हे ठाऊक आहे काय? आणि वस्तीवरची एखादी आई कामाच्या दिवशी, न बोलावता, शाळेत आली तर तिला आत येण्यासाठी कोणाची परवानगी लागते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर फाटकापाशी उभे राहिल्यावरच कळते.