कुरकुरणारा खण

राजेरजवाड्यांच्या इतिहासास बखरकार लाभले, लढायांस पोवाडे लाभले. परंतु ज्या मेजाशीं बसून आपण तो इतिहास वाचतों त्या मेजाचा इतिहास लिहावा असें फारसें कोणास वाटत नाहीं. त्यांतून मेजाचा कुरकुरणारा खण म्हणजे तर घरांतील नित्याच्या कटकटींपैकीं एक! वाचक म्हणतील, यांत इतिहास तो कसला? तथापि जुन्या चांदा जिल्ह्यांतील माणसाला ही कुरकुर थोड्या निराळ्या कानानें ऐकावी लागते. त्या जिल्ह्याला आज चंद्रपूर म्हणतात, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वभाग गडचिरोली या नांवानें निराळा झाला. बल्लारपूर, आलापल्ली, अहेरी, सिरोंचा हा सारा सागाचा मुलूख. विदर्भांतील जुन्या घरांतलें पुष्कळसें सागवानी सामान याच अरण्यांतून आलेलें आहे.

आपल्या जुन्या घरांत ओढून बाहेर काढावयाचा खण जवळजवळ नव्हताच. शब्द होता, पण त्याचा अर्थ निराळा. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण, आणि अशा खणांनीं घराची लांबी मोजीत. चोळीचें कापड तेंही खणच. वस्तु ठेवावयाच्या त्या भिंतींतल्या फडताळांत, कोनाड्यांत, पेटाऱ्यांत किंवा संदुकींत. राज्यकारभाराचे कागदसुद्धां कापडांत बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागदांच्या गठ्ठ्यांना आजही ‘रुमाल’ म्हणतात, आणि रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत जे ४५ खंड प्रसिद्ध केले ते असले हजारों रुमाल सोडूनच. इंग्रजी अंमलाबरोबर कचेरी आली, कचेरीबरोबर खुर्ची-मेज आलें, आणि मेजाबरोबर हा ओढता खण आला. इंग्रजींतील त्याचें ‘ड्रॉवर’ हें नांवही ओढण्याच्या क्रियेवरूनच पडलेलें आहे. कारकुनाच्या कचेरींतून तो मास्तरांच्या व वकिलांच्या घरीं शिरला, आणि पुढें दौत-टाकापासून मुलांच्या जन्मपत्रिकांपर्यंत सारा संसार त्यांत सामावूं लागला.

या मेजांना लांकूड कोठून आलें, हें पाहूं जातां इतिहास एकदम गंभीर होतो. रघूजी तिसरे निपुत्रिक वारल्यावर डलहौसीनें १८५४ त नागपूरचें राज्य खालसा केलें, आणि चांद्याचीं अरण्यें कंपनीच्या हातीं गेलीं. चारच वर्षांनीं, १८५८ त, मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं उठाव केला. त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. पुढें १८६५ चा व त्यामागून १८७८ चा जंगल कायदा झाला. ज्या झाडाखालीं माडिया-गोंडांची पिढ्यानुपिढ्या वस्ती, तें झाड तोडावयास आतां परवानगी लागूं लागली. आणि परवानगी देणाऱ्याच्या मेजाचा खण बहुधा सागाचाच असावयाचा!

लांकूड बाहेर नेण्यासाठीं वाटा हव्या होत्या. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानंतर प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. या जलमार्गानें समुद्र गांठण्याची मोठी योजना इंग्रजांनीं आरंभिली होती. पण नदीपात्रांतील खडकांनीं दाद दिली नाहीं, आणि १८७१ त ती सोडून द्यावी लागली. नदीनें न केलेलें काम आगगाडीनें केलें. १८७० नंतर वरोऱ्याच्या कोळशासाठीं वर्ध्याहून फांटा आला, आणि १९२९ च्या सुमारास बल्लारपूर-काझीपेठ मार्ग पुरा होऊन दिल्ली व मद्रास सरळ जोडलीं गेलीं. बल्लारपूर ही सागाची मोठी पेठ झाली. ती मान्यता अजून टिकून आहे. मार्च २०२३ मध्यें अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठीं साग रवाना झाला तो तेथूनच.

आतां प्रश्न असा कीं, इतका नामांकित साग मेजांत बसल्यावर कुरकुर कां करतो? उत्तर असें कीं, झाड तोडलें तरी लांकडाचा स्वभाव तुटत नाहीं. तें हवेंतील ओल घेतें आणि टाकतें. सागांत नैसर्गिक तेल असल्यामुळें तो इतर लांकडांपेक्षां कमी हलतो, पण हलतो खास. ओला साग पुरा वाळेपर्यंत त्रिज्येच्या दिशेनें सुमारें २.५ टक्के, आणि वलयांच्या दिशेनें सुमारें ५ टक्के आकसतो. रेषेच्या लांबींत मात्र जवळजवळ फरक पडत नाहीं. म्हणून खणाची फळी लांबींत तशीच राहते, पण उंचींत फुगते. सहा इंच उंचीच्या फळींतील ओलाव्याचें प्रमाण सहा टक्क्यांनीं वाढलें तर ती अर्धें सूत फुगेल. आणि सुतारानें खणाभोंवतीं ठेवलेली फट पुष्कळदां तेवढीच असते. चंद्रपूरचा वैशाख भट्टीसारखा आणि श्रावण चिंब. तेव्हां एकच खण पावसाळ्यांत अडतो आणि उन्हाळ्यांत खुळखुळतो.

आवाजाचें कारण याहून मौजेचें आहे. खण ओढतांना लांकूड लांकडास क्षणभर धरून ठेवतें, मग सुटतें, पुन्हां धरतें, पुन्हां सुटतें. हें धरणें-सुटणें एका सेकंदांत शेंकडों वेळां झालें कीं कान त्याला कुरकुर म्हणतो. सारंगीचा गज तारेवरून फिरतो तेव्हां घडतें तें हेंच. फरक इतकाच कीं वादक गजास राळ लावून ही पकड मुद्दाम वाढवितो, आणि गृहस्थास ती कमी करावयाची असते. खण रुंद व आखूड असून एकाच बाजूनें ओढला तर तो तिरका होऊन दोन कोपऱ्यांत अडकतो, आणि मग कुरकुरीची किंकाळी होते.

उपाय सोपा आहे. पण त्याला क्रम आहे. प्रथम खण रिकामा करून पुरा बाहेर काढावा. जेथें लांकूड घांसून चकाकत असेल तेथेंच तें घांसतें आहे असें समजावें. धूळ झाडून त्या पट्टींवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घांसावा. शंखजिऱ्याची पूडही चालते. तेल मात्र घालूं नये. लांकूड तें पितें, आणि त्यांत धूळ बसून चार महिन्यांनीं चिकट खळ होते. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या झिजून खोल झाल्या असतील तर त्यांवर सागाची पातळ पट्टी सरसानें चिकटवावी. खणाचे सांधे ढिले झाले असतील तर ते आधीं सरसानें बसवावे. रंधा सर्वांत शेवटीं.

हा शेवटचा नियम मला एका म्हाताऱ्या सुतारानें शिकविला. माझ्या वडिलांचें मेज आमच्याकडे आहे. एका आषाढांत त्याचा मधला खण इतका अडूं लागला कीं, तें मेज विकून दाबलेल्या भुश्याचें नवें सामान घ्यावें, असा सल्ला घरांत सर्वानुमतें संमत झाला. दुकानदार किंमत सांगून गेला. ती ओल्या जळणाहून फार जास्त नव्हती. सुतारास बोलाविलें तें केवळ मेजाचे पाय सोडविण्यासाठीं. त्यानें खण उलटा करून तळाच्या फळीवरून हात फिरविला आणि म्हणाला, “मास्तर, आतां रंधा मारला तर वैशाखांत हा खण नाचेल. दसऱ्यापर्यंत थांबा.” मेणबत्तीचें एक टोक मागून घेऊन त्यानें दोन्ही पट्ट्या घांसल्या, आणि मजुरी म्हणून चहा घेतला. दसऱ्यानंतर रंधा मारावा लागलाच नाहीं. मेज आहे तेथेंच आहे.

त्या दिवशीं मला खरी लाज वाटली ती किंमत ऐकून मीं होकार देण्याच्या बेतांत होतों याची. चांगला साग मेजाजोगा व्हावयास साठ-सत्तर वर्षें तरी लागतात. ज्यानें तो राखला त्याला त्याचा मोबदला क्वचितच मिळाला. १९५१ त जमीनदाऱ्या गेल्या तरी अरण्य सरकारचेंच राहिलें. पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवांचा सामूहिक हक्क मान्य केला, आणि २००९ त गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवास तो मिळाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गांवांपैकीं तें एक. दीडशें वर्षांच्या हिशेबांतील ही एक जमेची बाजू.

त्या हिशेबांत आपणां मध्यमवर्गीयांकडे काय येतें? अरण्य राखणें आपल्या हातीं नसेल, पण तोडून झालेलें झाड व्यर्थ न जाऊं देणें हातीं आहे. आपल्या आजोबांच्या मेजाचा खण आज कुरकुरत असेल तर वाचकांनीं तो टाकून देण्यापूर्वीं एकदां पुरता बाहेर काढून पाहावा. मेणबत्तीचें टोक घरांत कोठें तरी सांपडेलच. बहुधा त्याच खणांत.