दोंडाईचा : घरकुल योजना व लोकसंख्याबदल

दोंडाईचा : (दोंडाईचा-वरवाडे). धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नगरपरिषदेचे शहर. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी व स्टार्च कारखान्यासाठी ओळखले जाते. अल्प उत्पन्न गटाच्या घरांना मिळणारे सरकारी साहाय्य आणि शहराची बदलती वस्ती यांचा संबंध या नोंदीत पाहिला आहे.

साहाय्याचे प्रकार : हे साहाय्य करसवलत किंवा थेट अनुदान अशा रूपांत मिळते. अमेरिकेत १९८६च्या करसुधारणा कायद्यापासून भाड्याची स्वस्त घरे मुख्यतः विकसकांना मिळणाऱ्या करसवलतीतून उभी राहतात. भारतात आयकर कायद्याच्या कलम ८०-आयबीए अन्वये, १ जून २०१६ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या परवडणाऱ्या गृहप्रकल्पांच्या नफ्यावर आयकर माफ होता. कलम ८०-ईईएने पहिल्या घराच्या कर्जव्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत जादा वजावट दिली. पण विकसकाची सवलत मोठ्या प्रकल्पाला आणि कर्जदाराची सवलत आयकर भरणाऱ्यालाच उपयोगी पडते. मिरची वाळवण्याच्या पथारीवर, बाजार समितीत किंवा शेतात रोजंदारी करणाऱ्या कुटुंबाला दोन्हींचा थेट लाभ होत नाही.

म्हणून लहान शहरांत थेट अनुदान महत्त्वाचे ठरते. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. जोते, लिंटल, छत अशा टप्प्यांनुसार हप्ते थेट बँक खात्यात जमा होतात. अनुसूचित जातींसाठी रमाई आवास योजना आहे. सप्टेंबर २०२४पासून प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला.

जागेचा प्रश्न : अनुदानाची पहिली अट मालकीची. उताऱ्यावर नाव नसलेले कुटुंब गरजू असूनही यादीबाहेर राहते. शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा राज्याचा २०१८चा निर्णय या कुटुंबांसाठी मोलाचा आहे. मात्र मोजणी, आरक्षणाची तपासणी व पट्टेवाटप झाल्याशिवाय तो त्यांच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

लोकसंख्या : जनगणनेनुसार शहरात २००१मध्ये सुमारे ४२ हजार, तर २०११मध्ये सुमारे ४७ हजार लोक होते. पूर्ण आकड्यांवरून दशकातील ही वाढ साधारण १० टक्के. राज्याच्या शहरी लोकसंख्येची वाढ मात्र सुमारे २४ टक्के होती. जन्म-मृत्यूंमुळे होणारी नैसर्गिक वाढ विचारात घेता, शहरातून बाहेर जाणारे लोक येणाऱ्यांपेक्षा जास्त असावेत. खानदेशातून सुरतेच्या कापड उद्योगात जाणाऱ्यांचा ओघ जुना आहे. उधना व लिंबायत भागांत अहिराणी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. २०२१ची जनगणना झाली नाही, त्यामुळे नंतरच्या बदलाचे मोजमाप २०२७च्या गणनेतूनच होईल.

मूल्यमापन : घरकुलामुळे कायमस्वरूपी रोजगार निर्माण होत नाही, त्यामुळे केवळ पक्क्या घराने स्थलांतर थांबेल असे मानणे चुकीचे. तरीही कामासाठी बाहेर गेलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या वृद्धांना व शाळकरी मुलांना पक्के छत आणि कुटुंबातील स्त्रीच्या नावावरची मालकी मोठा आधार देते. या शहरात घरकुलाचे यश बांधलेल्या घरांबरोबरच, जागेचा हक्क मिळालेल्या कुटुंबांच्या संख्येवरही मोजले पाहिजे.