गावरहाटी, ग्रामसभा आणि हवामानाचा आराखडा

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता ज्या कसाल गावी फुटतो, त्या गावाच्या शेजारीच आज सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय आहे. ही जवळीक फार जुनी नाही. 1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत या भागाचा जिल्हा-कारभार रत्नागिरीहून चाले. त्याही पूर्वी, 1948 च्या विलीनीकरणापर्यंत, कुडाळचा मुलूख सावंतवाडी संस्थानात, तर मालवणचा इंग्रजी अमलात होता. ठाणी बदलली, परंतु पाणी, रान आणि पेर यांविषयीचे निर्णय गावात कोणी घ्यावयाचे, हा प्रश्न मात्र कायम राहिला. हवामान-बदलाला तोंड देण्यासाठी ग्रामपंचायतींनी लोकांच्या सहभागाने आराखडे करावेत, ही आजची अपेक्षा म्हणजे त्याच प्रश्नाचे अलीकडचे रूप होय.

या प्रश्नाला दक्षिण कोकणाने दिलेले सर्वांत जुने उत्तर म्हणजे गावरहाटी. राहाटणे म्हणजे वर्तणे. तेव्हा रहाटी ही मुळात संस्था नसून गावाने वागण्याची रीत आहे. रवळनाथ, सातेरी यांसारख्या ग्रामदैवतांभोवती मानकऱ्यांची उतरंड, देवापुढे घालावयाचे गाऱ्हाणे आणि घ्यावयाचा कौल, यांतून ही रीत चालत आली. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवावयाची ती कौल मिळाल्यावरच, असा दंडक असे. जांभ्या दगडाच्या या प्रदेशात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात विहिरी आटतात. अशा ठिकाणी झऱ्याच्या उगमावरचे रान राखणे ही केवळ श्रद्धेची बाब नव्हती. तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना हेही विसरता कामा नये, की मान जन्माने ठरत असे. ज्यांना मान नव्हता त्यांना, आणि सर्वच स्त्रियांना, निर्णयात जागा नव्हती. ‘गाव बसला’ असे म्हणताना त्या ‘गावा’त अर्धे गाव नसे.

कायद्याची पंचायत या मुलखात निराळ्या वाटेने आली. मुंबई इलाख्यातील 1920 व 1933 चे कायदे, मग 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा, आणि अखेरीस 24 एप्रिल 1993 पासून अमलात आलेली 73 वी घटनादुरुस्ती, हा क्रम परिचित आहे. त्या दुरुस्तीबरोबर जोडलेल्या अकराव्या परिशिष्टातील 29 विषयांत मृदसंधारण, पाणी व्यवस्थापन आणि सामाजिक वनीकरण हे विषय आले. हवामान-बदल हा शब्द तेथे नाही. परंतु ग्रामपातळीवर त्याचा जो भाग हाती घेता येण्याजोगा आहे, तो बहुतेक या तीन विषयांतच सामावतो.

ग्रामसभेचा आवाज जिल्ह्याबाहेर ऐकू गेला तो एका वेगळ्या निमित्ताने. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये अहवाल सादर केला. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार करण्याचे काम या समितीकडे सोपविलेले होते. खाणींच्या छायेत असलेल्या सिंधुदुर्गातील 25 ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावीत असे ठराव केले, आणि समितीने त्यांची दखल घेतली. संरक्षण म्हणजे वरून लादलेली बंदी, या रूढ समजुतीस हा अपवाद लक्षणीय आहे: येथे निर्बंध गावांनी स्वतः मागितले होते. क्षेत्रांच्या सीमा व नियम अंतिमतः ग्रामसभांच्या चर्चेतून ठरावेत, ही समितीची भूमिका होती. अहवाल इंग्रजीत होता आणि तो लोकभाषांत ग्रामसभांपुढे जावा असा गाडगीळांचा आग्रह होता, ही गोष्ट तपशिलाची वाटेल. वस्तुतः मुद्दा तोच आहे. ज्या मजकुरावर मत द्यावयाचे तो मजकूरच ज्यांना वाचता येत नाही, त्यांचा सहभाग हजेरीपुरता उरतो. पुढे कस्तुरीरंगन कार्यगटाने 2013 मध्ये उपग्रह-चित्रांच्या आधारे क्षेत्रे नव्याने आखली. 2014 पासून अधिसूचनेचे मसुदे वारंवार निघाले. पण आधी गावाला विचारावे, ही पद्धत मागे पडली.

जैवविविधता कायद्याचा (2002) अनुभव याहून बोलका आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकांच्या माहितीतून नोंदवही करावयाची होती. वर्षानुवर्षे काम रेंगाळले. शेवटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, आणि ज्या वह्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या, वैदूंच्या, मासेमारांच्या तोंडून हळूहळू भरावयाच्या, त्या घाईने पुऱ्या करण्याची वेळ आली. 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांची जुनी मांडणी घेतली, हे कल्पक खरे. पण तिला गुणांची जोड दिली. पहिल्या वर्षी 686 स्थानिक संस्था सहभागी झाल्या, त्यांत ग्रामपंचायती 291. पुढे ही संख्या हजारोंवर गेली. गुणांसाठी मोजता येईल तेच मोजले जाते. लावलेली रोपे मोजता येतात; तरवा टाकण्याचा दिवस कसा हलला, आंब्याचा मोहोर किती वेळा करपला, हे मोजावयाचे तर आधी ऐकावे लागते. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा बागा आडव्या झाल्या आणि वीज गेली; त्या दिवसांची उजळणी ही कोणत्याही गावाच्या आराखड्याची पहिली प्रस्तावना ठरू शकली असती.

ग्रामसभेचे स्वतःचे दौर्बल्यही लपविण्याचे कारण नाही. गणपूर्तीस 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. आणि सभा तहकूब झाली की तेही बंधन उरत नाही. कितीतरी घरांचे कर्ते चाकरमानी म्हणून मुंबईस राहतात. गावात पाणी भरणारी, भात लावणारी बहुधा बाईच. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि हवामानाचा आराखडा खऱ्या अर्थाने जेथे सुरू व्हावा ती जागा तीच होय. पाऊस सरल्यावर ओढ्यांवर माती भरलेल्या गोण्यांचे वनराई बंधारे श्रमदानाने घालण्याची रीत या भागात आजही आहे. बंधारा नेमका कोठे घालावयाचा, हे ज्यांची वायंगणी शेती त्या पाण्यावर व्हावयाची असते, तेच ओढ्यात उभे राहून ठरवितात.