नस्य, ऋतू आणि माथेरानचा डोंगर

आयुर्वेदात नाकपुडीवाटे औषध देण्याच्या विधीला नस्य म्हणतात. नाक हे मस्तकाचे द्वार आहे या कल्पनेवर हा विधी उभा असल्याने, जत्रूच्या म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर होणाऱ्या विकारांसाठी पंचकर्मांपैकी हाच उपचार मुख्य मानला गेला. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील विसावा अध्याय संपूर्णपणे त्याला दिला आहे. त्या ग्रंथावर तेराव्या शतकात आयुर्वेदरसायन ही टीका लिहिणारा हेमाद्री म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत होय. देवळांच्या बांधणीमुळे घरोघर माहीत झालेला हा माणूस वैद्यकाचाही भाष्यकार होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पुढे १८८० साली अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी मुंबईत अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह छापले आणि हस्तलिखितांत राहिलेला विधी छापील पानावर आला.

त्या विधीतील मोजमाप पाहण्याजोगे आहे. तर्जनीची दोन पेरे द्रवात बुडवून बोट वर काढल्यावर जो थेंब गळतो, तो एक बिंदू. असे दहा, आठ किंवा सहा बिंदू देणे म्हणजे मर्श, आणि रोजच्या वापरासाठी केवळ दोन बिंदू देणे म्हणजे प्रतिमर्श. मर्शासाठी डोक्याला व चेहऱ्याला तेल चोळून शेक देत, रुग्णाला उताणे निजवून त्याचे मस्तक किंचित खाली ठेवत, डोळ्यांवर कापड घालत, आणि गरम पाण्यात कोमट केलेले औषध एक नाकपुडी दाबून दुसरीत सोडत. नंतर तळपाय, मान, तळहात आणि कान चोळले जात. घशात उतरलेले औषध गिळायचे नसे, दोन्ही कुशींवर वळून थुंकायचे असे, आणि शंभर अंक मोजण्याइतका वेळ तसेच पडून राहायचे असे. सात वर्षांखालील व ऐंशी वर्षांवरील माणसाला असे नस्य देऊ नये, असाही दंडक होता. नस्यासाठी वापरायच्या अणुतेलाची कृती तर याहून कष्टाची, कारण तेल काढ्याबरोबर दहा वेळा शिजवून दहाव्या पाकात तेलाइतकेच शेळीचे दूध घालावे लागे.

ऋतूचा नियमही तितकाच काटेकोर होता. निरोगी माणसाने शरद व वसंत ऋतूंत सकाळी, थंडीत दुपारी, ग्रीष्मात संध्याकाळी आणि पावसाळ्यात केवळ ऊन पडले असताना मर्श नस्य घ्यावे. तातडीचा विकार नसेल तर ढगाळ दिवशी ते वर्ज्यच. याच ऋतुचक्रावर, अगदी निराळ्या विचाराने, माथेरानही वसले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली या डोंगराची पाहणी केल्यानंतर तेथे मुंबईकरांचे हवापालटाचे ठाणे उभे राहिले आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी गाडी नेरळहून वर जाऊ लागली. हवापालटाचा हंगामही पाऊस सरल्यानंतरचा आणि उन्हाळ्याचाच. एका शास्त्राने त्या दिवसांत नाकात तेल घालायला सांगितले, दुसऱ्याने नाकात चांगली हवा भरायला. दोघांच्या पंचांगातील हा मेळ योगायोगाचा असला तरी लक्षणीय आहे.

माथेरानजवळच्या प्रबळगडापलीकडे, सखल भागात असलेल्या पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला, आणि ज्या वर्षी माथेरानची गाडी धावली त्याच १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिकला वैद्यांचे संमेलन भरले. कारखान्यांत तयार औषधे बनू लागल्यावर दहा पाकांचे कष्ट घरच्या चुलीवरून उतरले, पण त्याबरोबर शेक, चोळणे आणि शंभरपर्यंत मोजणे हेही मागे पडले. प्रतिमर्श टिकला, कारण दोन थेंब कोणालाही घालता येतात; मर्श पंचकर्माच्या खोल्यांपुरता उरला. मराठीत ‘नास’ हा शब्दही आधी या औषधाचा होता, नंतर तंबाखूच्या तपकिरीने तो बळकावला आणि ‘नास ओढणे’ म्हणजे व्यसन झाले.

माथेरानला जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोंगर धुक्यात बुडालेला असतो आणि नेरळहून वर जाणारी गाडीही त्या काळात बंद ठेवली जाते. वाग्भटाच्या नियमाप्रमाणे तेथे त्या चार महिन्यांत, ऊन पडेल तेवढेच दिवस मर्शाचे.