मार्गस्थ बिघाड (एसटी)

मार्गस्थ बिघाड म्हणजे प्रवाशांसह निघालेली बस यांत्रिक दोषामुळे वाटेतच बंद पडणे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या (एसटी) कामकाजात ही संज्ञा रूढ आहे. प्रवासी मात्र 'ब्रेकडाऊन' असेच म्हणतात. देशातील राज्य परिवहन उपक्रम दर १०,००० किलोमीटरमागे होणाऱ्या बिघाडांच्या संख्येवरून गाड्यांची विश्वासार्हता मोजतात. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर विभागांच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला व पुढे १९६१ मध्ये येथील परिवहन सेवा महामंडळात विलीन झाली.

कारणे व देखभाल

किनवट-माहूरचा डोंगराळ, वनव्याप्त भाग आणि अहमदपूर परिसरातील बालाघाटाचे चढउतार यांमुळे इंजिन, क्लच व ब्रेक यांवर ताण पडतो. काळ्या मातीवरील रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात. त्याचा पहिला फटका स्प्रिंगच्या पाट्यांना आणि टायरना बसतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. अशा वेळी रेडिएटर गळका असेल, तर इंजिन हमखास तापते.

दैनंदिन तपासणी व किरकोळ दुरुस्ती आगारात होते. मोठे काम विभागीय कार्यशाळेत, तर बसबांधणी व पुनर्बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत केली जाते. सुटा भाग वेळेवर न मिळाल्यास उभ्या गाडीचा भाग काढून दुसरीला बसविण्याची वेळ येते. त्याने आजची फेरी निघते, पण उभी गाडी उभीच राहते.

मुक्कामी गाडी

रात्री खेड्यात थांबून पहाटे तालुक्याला परतणाऱ्या बसला मुक्कामी गाडी म्हणतात. तिथे ना यांत्रिक, ना सुटे भाग. बॅटरी उतरली, तर गावकऱ्यांनी धक्का मारण्यावाचून गत्यंतर नसते. शहरातील प्रवाशाला मागून दुसरी बस मिळते. खेड्यातील विद्यार्थ्याचा मात्र दिवस बुडतो, परीक्षेच्या दिवसांत त्याहून अधिक. म्हणून केवळ सरासरी दर पाहून या बिघाडाचे गांभीर्य कळत नाही, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे.

बिघाडानंतर

वाहक आगाराला कळवितो आणि प्रवाशांना त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देतो. चालक गाडीजवळ थांबतो. आगारातून यांत्रिक येऊन जागेवर दुरुस्ती करतात. न जमल्यास गाडी ओढून आगारात नेली जाते.