लकडी पूल : एका नावाची साक्ष

पुण्याच्या जुन्या पेठा आणि डेक्कन जिमखाना यांना जोडणारा मुठा नदीवरील पूल लाकडाचा नाही. त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल असे आहे. तरीही लोकव्यवहारात तो ‘लकडी पूल’च राहिला. वस्तू नष्ट झाल्यावरही तिचे नाव टिकावे, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकास विचारप्रवृत्त करणारी आहे.

या पुलाच्या उत्पत्तीविषयीची परंपरा प्रसिद्ध आहे. पानिपतावरून पराभूत होऊन परतणाऱ्या सैन्यास राजमार्गाने नगरप्रवेश करणे लज्जास्पद वाटू नये, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी तो घाईने उभारविला, असे सांगितले जाते. या कथेस कालक्रमाची कसोटी लावणे अवश्य आहे. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. पराभवाची वार्ता नानासाहेबांना उत्तरेकडे जात असतानाच मिळाली, आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. म्हणजे उपलब्ध अवधी सुमारे सव्वापाच महिन्यांचा; त्यांतीलही बराच भाग पेशवे पुण्याबाहेर होते. शिवाय हे महिने मुख्यतः हिवाळ्याचे व उन्हाळ्याचे. त्या ऋतूंत मुठेचे पात्र उतारावरून ओलांडता येण्याजोगे असे. परतणाऱ्या सैन्याची अडचण हे पुलाचे एकमेव कारण मानणे म्हणूनच कठीण जाते. पुलाची खरी निकड पावसाळ्यात, नदी दुथडी भरून वाहू लागल्यावर, भासणारी होती.

यावरून परंपरा सर्वस्वी त्याज्य ठरते असे मात्र नाही. पुलाचा हेतू ती निश्चितपणे सिद्ध करीत नसली, तरी पानिपतचा आघात या शहराने कसा स्मरणात ठेवला, हे ती सांगते. घराघरांतील शोकाला नगराच्या भूगोलात एक स्थान हवे होते. ते या पुलाने पुरविले.

मूळचा लाकडी पूल महापुरात वाहून गेला आणि १८४० च्या दशकात त्याच्या जागी दगडी पूल झाला. साहित्य बदलले, नाव बदलले नाही. हा अपवाद नव्हे. शनिवारवाड्याजवळील पूल १९२३ साली पूर्ण झाला. त्यास प्रथम गव्हर्नर लॉइड यांचे व पुढे शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. परंतु शतक उलटल्यावरही लोक त्यास ‘नवा पूल’च म्हणतात. संगमावरील लाकडी पुलाच्या जागी १८७५ साली दगडी पूल झाला. त्याचे ‘वेलस्ली’ हे नाव मात्र ‘संगम पूल’ या साध्या नावापुढे मागे पडले. सत्तेने दिलेली नावे सत्तेबरोबर पालटतात. लोकांनी दिलेले नाव वस्तूच्या प्रथम परिचयाचा क्षण धरून ठेवते.

१८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन कॉलेज पुढे नदीपार गेले, विसाव्या शतकात तेथे डेक्कन जिमखान्याची वसाहत वाढली, आणि एके काळी गावाच्या कडेला असलेला हा पूल शहराच्या मध्यात आला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा तो पाण्याखाली गेला. पूर ओसरल्यावर त्याची दुरुस्ती झाली व वाहतूक पुन्हा सुरू झाली. नाव तेच राहिले.

तात्पर्य, स्थलनाम हे वस्तूचे आजचे वर्णन नसून एका विशिष्ट काळाची साक्ष असते. ही साक्ष कागदपत्रांची जागा घेऊ शकत नाही. परंतु कागदपत्रे जेथे मौन धरतात, तेथे तिची उलटतपासणी करणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच ठरते.