गोधडीचा दोरा आणि शिवणयंत्र

वस्त्रांचा इतिहास लिहावयास बसलेले आपले विद्वान् बहुधा पैठणीच्या पदरापाशीं थांबतात. परंतु ज्या दोऱ्यानें फाटलेलें लुगडें पुन्हा उपयोगांत आलें, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः आपल्यापैकीं बहुतेकांस जन्मतांच जी ऊब लाभली ती पैठणीची नव्हे, गोधडीची होय. लोकांनीं गाडगेमहाराजांस 'गोधडे महाराज' म्हटलें, त्यांतही या ठिगळांच्या वस्त्राविषयींची आपुलकीच दिसते. या गोधडीच्या दोऱ्यावर शिवणयंत्रानें काय परिणाम केला, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाचा कोरपना तालुका या विचारास सोयीचा आहे. हा मुलूख पूर्वीं राजुरा तालुक्यांत मोडे, आणि राजुरा निजामाच्या राज्यांत, आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेंत तो मराठी प्रदेशांत आला व १९५९ सालीं चांद्यास जोडला गेला. मराठी, तेलुगु, गोंडी, कोलामी व बंजारी या भाषा येथें शेजारीं नांदतात. जमीन काळी, आणि पीक मुख्यतः कपाशीचें. अशा गांवांतील गोधडीची जुनी रीत महाराष्ट्रांत इतरत्र आहे तीच. जुनीं लुगडीं व धोतरें एकावर एक अंथरावयाचीं, आणि कडेपासून आंत आंत सरकत धावदोरा घालावयाचा. थर पुष्कळ, म्हणून सुई मोठी व दोरा जाड. हा दोरा थर धरून ठेवतो, आणि वरून रांगोळीच्या रेषेसारखा दिसतोही. बंजारा स्त्रिया तर कांचळीवर व पिशव्यांवर जाड सुती दोऱ्याचे असे ठसठशीत टांके घालतात कीं, कवड्या व आरसे काढून घेतले तरी शोभा उरावी.

शिवणयंत्राला मात्र हा जाड दोरा मानवला नाहीं. सुती शिवणदोऱ्याचा कारखानी इतिहासच मुळीं अडचणींतून सुरू झाला. १८१२ च्या सुमारास नेपोलियनच्या युद्धांमुळें रेशीम मिळेनासें झालें, तेव्हां स्कॉटलंडांतील पेझ्ली येथें क्लार्क घराण्यानें सुताचा दोरा काढला. पुढें १८४६ सालीं एलियास हाउ यानें व १८५१ सालीं आयझॅक सिंगर यानें अमेरिकेंत आपापल्या यंत्रांचें पेटंट घेतलें. हातसुईचें नेढें मागें असतें. यंत्राच्या सुईचें तें टोकापाशीं आलें, आणि वरचा दोरा खालच्या बॉबिनवरील दोऱ्याशीं गुंतवून टांका पक्का करण्याची युक्ति साधली. पण या युक्तीची एक किंमत होती. वरचा दोरा टांक्यांत बसण्यापूर्वीं त्याचा तोच भाग नेढ्यांतून अनेकदां मागेंपुढें घासला जातो. जाड, सैल पिळाचा दोरा तेथें विंचरला जाऊन तुटतो. म्हणून १८६० नंतरच्या दशकांत जॉर्ज क्लार्क यानें यंत्राकरितां मुद्दाम सहा पदरी गुळगुळीत दोरा बाजारांत आणला. यंत्र दोऱ्याला वळलें नाहीं. दोराच यंत्रासाठीं बारीक झाला.

यांत यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. यंत्रयुगावर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनींही १९२४ सालीं सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून आलेल्या कळवळ्यांतून तें निघालें, असें ते मानीत. दिव्याच्या उजेडांत डोळे शिणवून गोधडी पुरी करणाऱ्या बाईला यंत्रानें रात्रीची झोंप दिली, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि गोधडीवरची रेषा त्यानें पुसट केली, हेंही खरेंच.

या पेंचांतून सुटण्याची वाट मात्र त्याच यंत्रांत होती. बॉबिनवरील दोऱ्याला नेढ्यांतून जावें लागत नाहीं. तो नुसता उलगडत येतो. तेव्हां शोभेचा जाड दोरा बॉबिनवर गुंडाळावा, बॉबिनच्या डबीचा स्क्रू थोडा सैल करावा, वर बारीक पण मजबूत दोरा ओवावा, टांका लांब ठेवावा, आणि गोधडी उलटी घालून पाठीकडून शिवावी. म्हणजे जाड रेषा दर्शनी बाजूस उमटते. नक्षी पाठीवर उलटी काढून घ्यावी लागते, आणि जाड दोरा बॉबिनवर थोडाच मावत असल्यानें ती वारंवार भरावी लागते. दोरा बॉबिनलाही न पेलण्याइतका जाड असेल, तर तो वस्त्रावर नुसता मांडून बारीक दोऱ्यानें टांचावा. जरीकामांत हीच रीत आहे. अशा कामास झळाळीचा दोरा हवा असेल, तर त्याचेंही श्रेय जुन्या शोधांस आहे. १८४४ सालीं जॉन मर्सर यानें कॉस्टिक सोड्याचा सुतावरील परिणाम ओळखला, आणि १८९० च्या सुमारास हॉरेस लो यानें तीच क्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हां कापसाला रेशमाचें तेज चढलें. अशा दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, हें खरेदी करतांना ध्यानांत ठेवावें.

कोरपन्याचा कापूस जिनांतून निघून गांठींच्या रूपानें परगांवीं जातो, आणि दोरा रिळाच्या रूपानें बाजारांतून विकत येतो. हा व्यवहार गोधडी शिवणाऱ्या बाईच्या हातचा नाहीं. तिच्या हातीं आहे ती रेषा. तिनें आपलें नांव गोधडीवर कधीं लिहिलें नाहीं. पण टांक्यांची ठेवण पाहून ती कोणी शिवली हें घरांतलीं माणसें सांगूं शकत. यंत्र घरांत आलें म्हणून ही ओळख बुजावी असें नाहीं. गोधडी उलटी घालून शिवण्याची थोडी तसदी घेतली, तर यंत्रावरही ती राखतां येते. आणि आपल्या लेकीसुनांनीं ती राखावी, असें आम्हांस मनापासून वाटतें.